साक्षीदाराचे कर्तव्य

[शहापूर व मुरबाड तालुक्यांतील बौद्ध कुटुंबांच्या वर्षावासातील मेळाव्यात दिलेले भाषण. ज्यांना त्या दिवशी येता आले नाही, त्या वाचकांसाठी ते येथे दिले आहे.]



आताच आपण त्रिशरण-पंचशील ग्रहण केले आणि धम्मवंदना म्हटली. या वंदनेत 'एहिपस्सिको' असा एक शब्द आहे. ज्याच्याविषयी 'या आणि पाहा' असे निःशंकपणे म्हणता येते, तो धम्म, असा त्याचा अर्थ. आपल्यापैकी काही कुटुंबांनी नुकतीच दीक्षा घेतली आहे. त्यांच्या मुलांना हा शब्द पाठ झाला असेल. परंतु त्याने आपल्यावर कोणती जबाबदारी टाकली आहे, याचा विचार आपण फारसा केलेला नाही. डोळ्यांनी पाहणे, पाहिलेले जसेच्या तसे लिहून ठेवणे आणि प्रसंग येईल तेव्हा ते निर्भयपणे सांगणे, या तीन गोष्टी बौद्ध माणसाच्या नित्यकर्मात आल्या पाहिजेत, असे माझे मत आहे. ते मी आज वकिलाच्या दृष्टीने आपल्यापुढे मांडणार आहे.

प्रथम मी आपणांस दूरच्या एका देशात नेतो. शहापूर-मुरबाडच्या माणसाला पॅलेस्टाईनशी काय कर्तव्य, असे आपण विचाराल. त्याचे उत्तर पुढे आपोआप मिळेल.

जून १९६७ च्या युद्धात इस्रायलने जॉर्डन नदीच्या पश्चिमेकडील प्रदेश, पूर्व जेरुसलेम व गाझा पट्टी ताब्यात घेतली. पश्चिमेकडील या प्रदेशात तेव्हापासून लष्करी सत्ता चालत आली आहे. एका गावातून दुसऱ्या गावी, घरून शेतावर, शाळेत वा दवाखान्यात जाताना तेथील माणसाला ठिकठिकाणी लष्करी नाके ओलांडावे लागतात. हे नाके आपल्या नागरिकांच्या सुरक्षिततेसाठी आहेत, असे इस्रायल सरकारचे म्हणणे आहे. ते सरकार ज्या हल्ल्यांचा दाखला देते, त्यांत निरपराध माणसे मेली आहेत, हेही खरे आहे. परंतु नाक्यावर अडकून पडणारा माणूस बहुधा मजूर, शेतकरी, गरोदर स्त्री किंवा शाळकरी पोर असतो. बेथलेहेम आणि जेरुसलेम यांच्या मधल्या मोठ्या नाक्यावर परवाना असलेले हजारो मजूर सूर्योदयापूर्वी कितीतरी वेळ आधी येऊन लोखंडी गजांच्या अरुंद वाटेत उभे राहत. आपल्याकडील मजूर पहाटेची कसारा लोकल पकडतो. त्याला लोकल चुकेल याची धास्ती असते. परंतु त्याच्यापुढे बंदूकधारी शिपाई परवाना तपासीत उभा नसतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये हमासने इस्रायलवर केलेला हल्ला आणि त्यानंतरचे गाझातील युद्ध यांमुळे तर यांपैकी बहुसंख्य मजुरांचे परवानेच स्थगित झाले.

या नाक्यांवर गेली वीस-पंचवीस वर्षे काही माणसे येऊन उभी राहिली आहेत. त्यांच्याजवळ शस्त्र नसते, अधिकारपत्र नसते, कुणाला सोडविण्याची सत्ताही नसते. जेरुसलेममधील ख्रिस्ती धर्मप्रमुखांच्या विनंतीवरून जागतिक चर्च परिषदेने २००२ साली एक उपक्रम सुरू केला. त्यात निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवक साधारण तीन महिने येऊन राहतात. पहाटे नाक्यावर उभे राहून किती माणसे पार गेली, तपासणीच्या किती खिडक्या उघड्या होत्या, कोणाला कशासाठी परत पाठविले, हे ते वहीत टिपतात. पुढे आपापल्या देशी परत जाऊन पाहिलेले लोकांना सांगतात. काही शेतकऱ्यांची घरे कुंपणाच्या अलीकडे आणि जमीन पलीकडे आहे. त्यांच्यासाठी ठरावीक वेळी फाटक उघडावयाचे असते. ते वेळेवर उघडले की नाही, याचीही नोंद होते. हेब्रॉनच्या दक्षिणेस अत-तुवानी नावाचे खेडे आहे. तेथे शाळेच्या वाटेवर मुलांवर वसाहतवाल्यांचे हल्ले होऊ लागल्यामुळे २००४ पासून लष्कराने मुलांना सोबत करावी असे ठरले. सोबत ठरली, परंतु ती रोज वेळेवर येते की नाही, हे कोण पाहणार? ते काम परदेशी स्वयंसेवकांनी अंगावर घेतले आणि उशीर झालेला एकेक दिवस लिहून ठेवला.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, जानेवारी २००१ मध्ये खुद्द इस्रायलमधील काही स्त्रियांनी 'मखसोम वॉच' नावाची संघटना स्थापन केली. मखसोम म्हणजे नाका. यांच्यापैकी पुष्कळजणी वयस्क. त्यांची स्वतःची मुले-नातवंडे सैन्यात. त्या पाळ्या लावून नाक्यांवर जातात आणि जे दिसले त्याचा अहवाल प्रसिद्ध करतात. सत्ता ज्या समाजाची, त्याच समाजातील बाई जेव्हा सांगते की, 'मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिले', तेव्हा त्या साक्षीचे वजन काही निराळेच असते. महाडच्या सत्याग्रहात अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस व गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी बाबासाहेबांच्या बाजूस उभे राहून हेच केले. म्हणून दुसऱ्या समाजातील सत्यवादी शेजाऱ्याला आपण कधी दूर लोटू नये.

आणखी एक उदाहरण देतो. हेब्रॉनमध्ये फेब्रुवारी १९९४ मध्ये मशिदीत नमाज पढणाऱ्या २९ जणांची एका वसाहतवाल्याने हत्या केली. त्यानंतर परदेशी निरीक्षकांचे एक अधिकृत पथक तेथे नेमण्यात आले. १९९७ पासून ते सतत कार्यरत होते. नॉर्वेसारख्या देशांनी त्यासाठी माणसे दिली. परंतु त्यांचे अहवाल गुप्त ठेवण्याचा करार होता. ते संबंधित सरकारांकडेच जात. जानेवारी २०१९ मध्ये इस्रायलने मुदत वाढवून देण्याचे नाकारले आणि पथक निघून गेले. दोन दशकांच्या त्या नोंदी सामान्य माणसाला कितीशा वाचावयास मिळाल्या? यावरून बोध असा की, टिपणे पुरेसे नाही. टिपलेले योग्य ठिकाणी आणि योग्य वेळी पोहोचले पाहिजे.

आता घरी या. आपल्या गावात लष्करी नाका नाही. आपण या प्रजासत्ताकाचे समान नागरिक आहोत, संविधान आपल्या बाजूचे आहे. तेव्हा त्या परक्या लष्करी सत्तेची आणि आपल्या परिस्थितीची सरसकट बरोबरी करणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु शिपाई नसलेले नाके आपल्याकडे आहेत की नाहीत, याचे उत्तर आपणच द्या. ज्या तालुक्यातील तानसा आणि भातसा मुंबईला पाणी पुरवितात, त्याच शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात टँकर येतो. तेव्हा हंड्यांची रांग कोण लावतो आणि कोणाचा हंडा मागे सरकतो? पिठाच्या गिरणीवर, रेशनच्या दुकानात, ग्रामसभेत, शाळेच्या जेवणाच्या पंगतीत, स्मशानाच्या वाटेवर माणसाला अडविण्यासाठी बंदुकीची गरज लागत नाही. एक नजर पुरते, आणि ती नजर कोणत्याही पंचनाम्यात येत नाही.

असे नाके पाहावयास गेलेला आपला पहिला मोठा निरीक्षक कोण, हे आपणांस ठाऊक आहे काय? १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सभासद होते. १९२९ च्या ऑक्टोबरात खानदेशचा दौरा आटोपून मुंबईस परतताना ते चाळीसगावला उतरले. धुळे मार्गावरील एका खेड्यात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार टाकला होता. त्याची चौकशी त्यांना करावयाची होती. तेथील मंडळींनी रात्रीच्या मुक्कामाचा आग्रह केला. परंतु त्यांना स्टेशनावरून वस्तीत नेण्यास एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. वस्तीतीलच एका अननुभवी माणसाने लगाम हाती घेतला. पुलावर टांगा आदळला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. बहिष्काराची चौकशी करावयास आलेल्या सरकारी समितीच्या सभासदालाच बहिष्काराचा प्रत्यय आला! ही हकिगत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. ध्यानात घ्या, ती आपल्याजवळ आहे याचे कारण त्यांनी ती लिहिली.

त्या पाहण्यातून पुढे काय निष्पन्न झाले? समितीचा अहवाल १९३० साली आला. खेड्यातला अस्पृश्य हा कुळ, शेतमजूर किंवा गावकामगार म्हणून सवर्णांच्याच अन्नावर अवलंबून आहे; म्हणून त्याने हक्क बजावला की बहिष्कार हे अस्त्र सहज उगारता येते, असे त्या समितीला आढळून आले. त्याच वर्षी गोलमेज परिषदेपुढे बाबासाहेब व श्रीनिवासन यांनी मागण्यांचे निवेदन सादर केले. त्यात त्यांनी या निष्कर्षाचा आधार घेतला आणि ब्रह्मदेशातील १९२२ च्या कायद्याच्या धर्तीवर बहिष्कार हा गुन्हा ठरवावा, अशी मागणी केली. पुढे १९५५ च्या अस्पृश्यताविषयक कायद्यात बहिष्काराचा समावेश झाला. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्यात सामाजिक वा आर्थिक बहिष्कार हा स्पष्ट शब्दांत गुन्हा ठरविणारी दुरुस्ती २०१५ साली झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली. एखाद्या समाजाने आपल्याच माणसाला वाळीत टाकले, तर त्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली वेगळा कायदा केला. तो जुलै २०१७ पासून लागू आहे. म्हणजे आज दीक्षा घेतली म्हणून भावकीने लग्नकार्यात वाळीत टाकले, तर एक कायदा आहे. आणि गावातील इतरांनी मजुरी व दुकान बंद केले, तर दुसरा आहे.

येथे नवदीक्षित कुटुंबांच्या मनातील एक शंका दूर करणे अवश्य आहे. 'बौद्ध झालो, आता अत्याचाराचा कायदा आम्हांस लागू होईल काय?' असे मला वारंवार विचारले जाते. होय, लागू होईल. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्या माणसास अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला आहे. मात्र मूळ जातीचा पुरावा आणि जातीचा दाखला ही कागदपत्रे नीट जपून ठेवा. देवघरातील मूर्ती उतरविताना त्या पेटीतील जुने दाखलेही टाकून दिल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

कायदा असा सज्ज असताना आरोपी निर्दोष का सुटतात? याचे उत्तर देताना मला माझी स्वतःची एक चूक आपणांपुढे कबूल करावयाची आहे.

पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नुकताच वकिली करू लागलो होतो. मुरबाड तालुक्यातील एका लहान गावात एका कुटुंबाने दीक्षा घेतली आणि गावकीची जुनी कामे करण्याचे नाकारले. महिन्याभरात गिरणीवाल्याने त्यांचे दळण घेणे बंद केले. भातलावणीच्या वेळी त्यांना कोणी मजुरीस बोलावीना. एके दिवशी गिरणीसमोर त्या घरच्या बाईला जातीवरून शिवीगाळ झाली. दुसऱ्या दिवशी मी तेथे गेलो. ओसरीवर बसलो, सारे ऐकून घेतले, धीर दिला, चहा घेतला आणि परत आलो. परंतु मी एक ओळही लिहिली नाही. गिरणीपाशी कोण कोण उभे होते, त्यांची नावेही मी विचारली नाहीत. फिर्याद देण्यास उशीर झाला. खटला उभा राहिला तोवर तीन वर्षे लोटली होती. उलटतपासणीत त्या बाईला वार विचारला, वेळ विचारली, शेजारी कोण होते ते विचारले. ती गोंधळली. गिरणीपाशी असलेल्या आपल्याच वस्तीतील दोघांनी 'आम्हांला काही आठवत नाही' असे सांगितले. आरोपी सुटले. न्यायालयाबाहेर ती बाई मला म्हणाली, "साहेब, तुम्ही तर दुसऱ्याच दिवशी आला होता." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही.

जातीवाचक अपमानाचा गुन्हा सिद्ध होण्यास तो जनतेच्या दृष्टिपथात घडलेला असावा लागतो. चार भिंतींआड, बाहेरचा कोणीही नसताना झालेला अपमान या कलमात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली एका निर्णयात सांगितले. याचा अर्थ नीट समजून घ्या. पाहणारा माणूस हा या गुन्ह्याच्या व्याख्येचाच भाग आहे. आपण तेथे उभे होतो आणि आपण गप्प राहिलो, तर अपमान झाला खरा; परंतु कायद्याच्या दृष्टीने तो जणू कोणी पाहिलाच नाही. पंचशीलातील चौथे शील आपण रोज घेतो, खोटे न बोलण्याचे. जेथे आपल्या एका वाक्यावर दुसऱ्याचा न्याय अवलंबून आहे, तेथे 'आठवत नाही' म्हणणे हे त्या शीलाचा भंग करणे होय, असे मी मानतो.

साक्षीदाराला भीती वाटते, हे मी नाकारीत नाही. ज्याच्या शेतावर मजुरी करावयाची, त्याच्याविरुद्ध पिंजऱ्यात उभे राहणे सोपे नाही. म्हणूनच एकट्याने हे काम करू नये. प्रत्येक विहाराने स्त्री-पुरुष मिळून पाच-सहा जणांचे एक निरीक्षक मंडळ नेमावे, अशी माझी सूचना आहे. त्यांनी काम कसे करावे, ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, नेहमी दोघांनी मिळून जावे. त्यांत शक्यतो एक स्त्री असावी. दुसरी, पानांवर क्रमांक घातलेली एक वही ठेवावी. तीत तारीख, वेळ, जागा, उच्चारलेले नेमके शब्द आणि हजर असलेल्यांची नावे त्याच दिवशी लिहून दोघांनी सह्या कराव्यात. घटनेच्या वेळी केलेले टिपण साक्ष देताना पाहून स्मरण ताजे करण्याची मुभा कायद्याने दिलेली आहे. तिसरी, स्वतः पाहिलेले आणि दुसऱ्याकडून ऐकलेले वेगवेगळे लिहावे. ही सरमिसळ झाली की चांगला खटला बुडतो. चौथी, भांडू नये, शिवीला शिवी देऊ नये. मोबाईलवर चित्रण केले असेल, तर मूळ चित्रण पुसू नये आणि ते गावभर पाठवीत सुटू नये. पाचवी, ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या संमतीवाचून त्याचे नाव कोठेही प्रसिद्ध करू नये. आपण निघून जातो, त्याला गावात राहावयाचे असते. आणि सहावी, जी सर्वांत कठीण: आपल्या माणसाची चूक असेल, तर तीही त्याच वहीत लिहावी. आपल्या मुलांनी दुसऱ्याच्या दारात दंगा केला आणि आपण ते झाकले, तर उद्या आपल्या खऱ्या नोंदीवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

या नोंदी कोठे न्यावयाच्या? हेब्रॉनच्या अहवालांप्रमाणे त्या बंद राहू देऊ नका. गुन्हा घडला असेल तर प्रथम फिर्याद. ती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, आणि तिची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळाली पाहिजे. अत्याचाराच्या कायद्याखाली गुन्हा नोंदविण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची अट नाही, हे २०१८ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले आहे. तपास उपअधीक्षकाहून खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे नसावा, असा नियम आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता समिती असते. तिची सभा दर तीन महिन्यांनी व्हावयाची असते आणि तीत बिनसरकारी सभासदही असतात. त्यांच्या हाती आपल्या वहीची प्रत द्या आणि सभा झाली की नाही, तेही लिहून ठेवा. साक्षीदाराला संरक्षण मागण्याचा आणि प्रवासखर्च व भत्ता मिळण्याचा हक्क आहे. कल्याणला तारखेस जाताना बुडालेल्या मजुरीचा विचार कायद्याने केला आहे. तो मागून घ्यावयास आपण शिकले पाहिजे.

ही वही केवळ आपल्यापुरती ठेवू नका, एवढीच शेवटची विनंती आहे. आपल्या शेजारच्या कातकरी वाडीतील कुटुंबे दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. उचल फिटली नाही म्हणून त्यांना अडवून ठेवले, तर ती वेठबिगारी आहे, आणि १९७६ च्या कायद्याने ती बंद झालेली आहे. भट्टीवरून कोण परत आले नाही, कोणाची मजुरी राहिली, हे आपल्या वहीत आले पाहिजे. आपला अन्याय तेवढा अन्याय, असे मानणाऱ्याची साक्ष जग फार दिवस ऐकत नाही. ते परदेशी स्वयंसेवक जेथे उभे राहतात, ते गाव त्यांचे नव्हे आणि ते मजूरही त्यांच्या धर्माचे असतातच असे नाही.

आज विहारातून जाताना प्रत्येक मंडळाने एक कोरी वही घेऊन जावी. मी त्या आणल्या आहेत. पहिल्या पानावर गावाचे नाव व आजची तारीख लिहा. पुढच्या पौर्णिमेला आपण पुन्हा येथे जमू, तेव्हा त्या वह्या सोबत आणा. काही लिहिण्यासारखे घडले नसेल तर आनंदच आहे. घडले असेल, तर या वेळी ते लिहिलेले असेल.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.